वणव्यानंतर अस्वल कुठं गेलं, ते तुम्ही सांगितलं नाहीत

दाजी, तुमची माती होऊन आज सतरा दिवस झाले. तुमच्यावर लेख लिहून मागितलाय, पण एवढ्यात लिहायला बसायचं माझ्या मनात नव्हतं. तर आक्का म्हणाली, "लिव्ह की. जितेपणी दोघं नुसतं भांडत बसला, आता तरी त्यांच्याशी नीट बोल." तुमच्या बायकोचा भाऊ म्हणून तीस वर्षं तुमच्या घरी आलो, पण नीट बोलल्याचं मला तरी आठवत नाही. मेहुण्यानं दाजीशी नीट बोलायचं म्हणजे काय, ते आमच्या कोडोलीत कुणी शिकवत नाही.

स्मशानातून परत येताना माणसं मागं वळून डोंगराकडं बघत होती. तुम्ही जायच्या आठच दिवस आधी वणवा लागला होता. वरचा सडा, म्हणजे ते सगळं खडकाळ पठार, खालच्या करवंदीच्या जाळ्यांपर्यंत काळं पडलेलं होतं. एरवी वणवा विझला की गाव तुमच्या दारात जमायचं. गवे कुठल्या अंगानं उतरणार, डुकरं कुणाच्या उसात शिरणार, गुरं कुठं न्यायची नाहीत, हे तुम्ही जोत्यावर बसून तंबाखू मळत सांगायचा. या खेपेला डोंगर जळला आणि सांगणाराही गेला. गावाला तुमचं दुःख झालंच, पण त्याबरोबर मोठी पंचाईतही झाली, हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही खूश झाला असता.

तुम्हाला मी पहिल्यांदा नीट बघितलं ते आक्काच्या लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्याला. गुऱ्हाळवाल्याचा मुलगा बहिणीच्या घरी रिकाम्या हातानं कसा जाणार? काकवीचा डबा घेऊन एसटीनं शाहूवाडीकडं आलो. घरात तुम्ही नव्हता. आक्का म्हणाली, डोंगर पेटलाय, तिकडं गेलेत. मी हौसेनं वर आलो तर तुम्ही एका खिंडीच्या तोंडाशी निवांत बसला होता. वर जाळ, धूर, माणसांचा आरडाओरडा आणि तुम्ही बसलेले. मला वाटलं, आक्काला आळशी नवरा मिळाला.

तुम्ही म्हणाला, "बसा पावणं, हलू नका. आता बगा." थोड्या वेळानं एक भेकर आलं आमच्या पुढनं, मग ससे, मग पाचसहा डुकरं. आमच्याकडं न बघता खिंडीतनं खाली गेली. तुम्ही बोटांवर मोजत होता. मग म्हणालात, "जाळ वर चढतोय. येडं जनावर त्याच्या फुडं पळतंय आनि मरतंय. शाणं जनावर आडवं सरतंय, नायतर जाळाच्या फटीतनं मागं, जळलेल्या रानात येतंय. जळलेलं परत जळत न्हाय की."

हे तुम्हाला कुठनं कळलं, असं मी विचारलं, तर तुम्ही अजिबात न लाजता सांगितलंत. तुमचा बाप आणि त्याच्या जोडीनं तुम्ही याच खिंडीत शिकारीची जाळी लावायचा. वरनं कुणीतरी काडी टाकायची, खाली तुम्ही जाळी धरून थांबायचं. कुठलं जनावर कुठनं येणार हे तुम्हाला शाळेतल्या पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ होतं. आता तुम्ही त्याच जागी बसत होता, पण जाळीशिवाय, आणि कुणी कुत्री घेऊन आलं तर त्याला शिव्या देऊन हाकलायला.

शिकार का सोडली, ते तुम्ही मला कधी धड सांगितलं नाही. एकदा म्हणालात, "मटान चिवट लागाय लागलं." आक्काचं म्हणणं वेगळं. ती सांगते, लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात तिनं सशाला हात लावला नाही आणि चूल तुमच्या ताब्यात दिली. तुम्ही केलेला रस्सा तुम्हालाच खाववला नाही. खरं काय ते तुम्हालाच ठाऊक. मला दोन्ही खरं वाटतं.

त्या दिवसापासून दर उन्हाळ्यात मी तुमच्या मागं लागलो. वणव्याच्या दिवसांत तुम्ही वनखात्याकडं रोजावर असायचा. आग पुढं सरकू नये म्हणून आधीच गवताचा पट्टा, म्हणजे जाळरेषा, जाळून ठेवायचा, कुठं पेटलं तर ओल्या फांद्यांनी झोडपायचं, हे तुमचं काम. आग विझली की पगाराचं काम संपायचं आणि तुमचं खरं काम सुरू व्हायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही राखेतनं फिरायचा. मीही मागं. एकदा माझ्या स्लीपरचा तळ वितळून खडकाला चिकटला, तर तुम्ही दिवसभर हसत होता.

मला आधी काळं रान दिसलं की सगळं संपलं असं वाटायचं. तुम्ही मला बघायला शिकवलंत. साळिंदराचं बीळ दाखवलंत, तोंडाशी राख आणि आत माती गार. "ह्यो घरातच हुता बगा, दार लावून." गव्यांच्या पायवाटा दाखवल्यात, खाली ओढ्याकडं गेलेल्या, आणि सांगितलंत की कोवळं गवत फुटलं की हे परत येणार. जळक्या ओंडक्यांवर कोतवाल पक्षी किडे टिपत होते. आणि एक टिटवी एकाच जागेवर घिरट्या घालत होती, तिची अंडी तिथं होती. तिथं तुम्ही टोपी काढलीत. मग पुन्हा टोपी घालून पुढं चालू लागलात.

आपलं मोठं भांडण वणव्यावरनंच. गाव म्हणायचं, सडा पेटवला की गवत चांगलं येतं. मी गावाच्या बाजूनं बोलायचो, कारण आमच्याकडं आम्ही ऊस गेला की पाचट पेटवतो आणि त्यात काही वाईट आहे असं मला वाटत नव्हतं. तुम्ही म्हणायचा, "गवत येतंय की. पर तितं ऱ्हाणाऱ्याला इचारलं का कुणी?" मी म्हणायचो, जनावरं काय, पळतात आणि परत येतात, तुम्हीच सांगता. तुमचा चेहरा उतरायचा. "परत येणारी तुमास्नी दिसत्यात पावणं. न आलेली कशी दिसतील?" मग मी आवाज चढवायचो. गेली दोन वर्षं मी पाचट पेटवत नाही, कुट्टी करून रानातच टाकतो. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गावभर सांगत सुटला असता, म्हणून सांगितलं नाही. आता सांगतो.

आता त्या काकवीकडं यायला पाहिजे.

तीन उन्हाळ्यांपूर्वीचा वणवा. दोन दिवस डोंगर जळत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी आपण वर गेलो, तर राखेत अस्वलाची पावलं उमटलेली. माणसाच्या पावलासारखी, पुढं लांब नखांच्या रेघा. माझा ऊर भरून आला. तुम्ही वाकून बघितलंत, चार पावलं चाललात, मग वाटच बदललीत. "चला, मागं फिरा." मी विचारलं, कुठं गेलं असेल? तुम्ही म्हणालात, "गेलं त्याच्या वाटंनं." तेवढंच. मला फार राग आला. गव्याचं सांगता, सशाचं सांगता, मग अस्वलाचं का नाही?

आणि मग मला त्या अस्वलाची दया आली. करवंदं जळाली, उंबर जळाला, ते खाणार काय? आक्काच्या घरात मी आणलेला काकवीचा डबा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कामावर गेल्यावर मी तो डबा खांद्यावर टाकून वर गेलो आणि खडकातल्या एका खळग्यात अर्धा ओतला. आपल्या दारात आलेल्या पावण्याला कोल्हापूर जिल्ह्यात कुणी उपाशी ठेवतं का? असल्या विचारानं माझी छाती फुगली होती. उरलेला डबा घेऊन घरी आलो आणि घरामागच्या परड्यात, आक्काच्या तुळशीमागं ठेवला.

डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं. सड्यापासून परड्यापर्यंत सगळ्या वाटेवर काकवीचे थेंब पडले होते. मी एकदाही मागं वळून बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे नव्हे, चांगलं उजाडल्यावर, तुम्ही परड्यात तोंड धुवायला गेलात आणि अस्वल तुळशीमागनं उठलं. आक्का सांगते, तुम्ही ओरडला नाही. मागोमाग दारात आलेल्या तिला आत ढकललंत आणि दार ओढून घेतलंत, तेवढ्यात त्यानं तुमचा खांदा आणि डावा कान फाडला. मग ते भिंतीवरनं उडी मारून गेलं. मी तेव्हा कोडोलीत होतो. फोन आला तसा निघालो. कोल्हापूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तुमचं निम्मं डोकं पट्टीत होतं आणि तुम्ही नर्सबाईंना विचारत होता, "कान हाय न्हवं जागच्या जागी? बायकूला दावायला लागतोय."

गावात काठ्या घेऊन माणसं जमली होती. अस्वल माणसावर आलं, आता मारायला पाहिजे, राहिलेला डोंगरही पेटवून त्याला बाहेर काढू, अशी भाषा चाललेली. वनखात्याचे साहेब दवाखान्यात जबाब घ्यायला आले. अस्वल घरापर्यंत आलं कसं? मी तुमच्या उशाशी उभा होतो. तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही बोलायला लागलात. "सायेब, चूक माजीच हाय. आदल्या दिवशी म्या मव्हाळ काढून आनलतं. परड्यात ठिवलं. त्येच्या वासानं आलं ते. त्येचा काय गुन्हा न्हाय."

साहेबांनी लिहून घेतलं. अस्वल वाचलं. पण रोजावरच्या माणसानंच जंगलातनं मोहोळ काढून आणलं असं कागदावर आल्यावर पुढच्या उन्हाळ्यापासून तुम्हाला कामावर घेतलं नाही. गावातले काही तोंडावर म्हणायचे, "गणूदा, एवढं समदं कळतंय म्हणत हुतास, आनि घरात मव्हाळ ठिवलास?" तुम्ही हसायचा. मी शेजारी बसून चहा पीत असायचो.

तुम्हाला सगळं ठाऊक होतं. आक्कानं नंतर सांगितलं. दवाखान्यात जायच्या आधी, रक्तानं माखलेल्या टॉवेलनं डोकं धरून तुम्ही तिला वाटेवरची मुंग्यांची रांग दाखवलीत आणि म्हणालात, परड्यातली वाट पाण्यानं धुऊन टाक आणि डबा शेणाच्या खड्ड्यात पूर. भावाचं नाव कुठं निघता कामा नये.

साहेब गेल्यावर मी म्हणालो, मी खरं सांगणार. तुम्ही पट्टीतनं एक डोळा माझ्याकडं वळवला. "सांगा. मग गाव म्हनंल, आक्काच्या म्हायेरनं अस्वाल आलं. तिनं ऱ्हायाचं कसं हितं?" मग म्हणालात, "पर काकवी झ्याक हुती की. दोन मैल चालत आलं त्ये." मी रडत होतो आणि हसत होतो. नर्सबाईंनी मला बाहेर काढलं.

तेव्हापासून दोन गोष्टी आपल्यात राहिल्या. काकवीचं मी बोलायचं नाही आणि अस्वलाचं तुम्ही बोलायचं नाही. पहिलं मला जड जायचं, पण दुसऱ्यानं जास्त राग यायचा. वणव्यानंतर ते कुठं राहतं हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. महिन्यातनं एकदोनदा सकाळी तुम्ही गायब व्हायचा आणि आल्यावर तोंडावर समाधान असायचं. मी म्हणायचो, तुमचा माझ्यावर विश्वास नाही. तुम्ही म्हणायचा, "इस्वास हाय की. पर तुमास्नी जीभ बी हाय, आनि खिशात मोबाईल बी हाय." आणि एकदा, रागावून नाही, अगदी सहज म्हणालात, "आमी जाळी लावायचो तवा आमास्नी बाकी काय येत नव्हतं पावणं. जनावार कुठनं जातंय, एवढंच ठावं असायचं. तेवढ्यावरच त्ये मरायचं."

त्या वर्षी मी भाऊबीजेला आलो नाही. गुऱ्हाळाचं निमित्त सांगितलं. खरं तर रुसलो होतो, पन्नाशीला आलेला माणूस. तर दुसऱ्याच दिवशी तुम्ही आक्काला एसटीत घालून कोडोलीला हजर. "भाऊ येत न्हाय म्हनल्यावर भनीनं यायाचं," असं म्हणून ओवाळणीचं ताट तुम्हीच हातात घेऊन उभे. फाटका कान टोपीखाली झाकलेला. तुमच्यासारख्या माणसावर रुसणंसुद्धा नीट जमत नाही.

आणि आता हा वणवा. कामावर नव्हता, कुणी बोलावलं नव्हतं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही वर निघालात. अर्ध्या चढावर छातीत कळ आली. गुराख्यांनी खाली आणलं. मी आलो तेव्हा तुम्ही पलंगावर पडून खिडकीकडं बघत होता. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती, आणि ती तुम्ही कधी नव्हे ती पाळत होता, त्यावरनंच मला भीती वाटली. आक्का पाणी आणायला गेली तसं तुम्ही माझा हात धरलात.

"पावणं, वर जावा. हाय का बगून या."

मी विचारलं, कुठं?

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जसं काही मी फार बावळट बोललो होतो. "ते बी सांगायला पायजे व्हय आता?"

तुमच्या तोंडून माझं एवढं कौतुक त्याआधी कधी झालं नव्हतं. मी म्हणालो, तुम्हाला जरा बरं वाटू दे, मग जातो. बहिणीला एकटं टाकून डोंगरात कसा जाऊ? तुम्ही मान हलवलीत. रोज सकाळी डोळ्यांनी विचारायचा, मी रोज म्हणायचो, उद्या. त्या उद्याची मला फार खंत आहे, दाजी. तुम्ही उत्तर न ऐकताच गेलात.

बाराव्या दिवशी सकाळी मी एकटा वर गेलो. मोबाईल आक्काच्या फडताळात ठेवला. तुम्ही शिकवलं तसं चाललो. आधी वारा कुठनं होता ते राखेवरनं बघितलं, मग जाळ कुठं अडला, कुठं सावकाश गेला, खडकाच्या कुठल्या बाजूला पानं नुसती कोमेजलीत आणि जळाली नाहीत ते बघत गेलो. एका जागी थांबलो आणि मला कळलं की मी तीन वर्षं चुकीचा प्रश्न विचारत होतो. अस्वल कुठं गेलं ते विचारायचं नसतं. आग कुठं पोचली नाही तेवढं बघायचं असतं. मग दिवसभर दगडाआड बसून राहिलो, तुमच्यासारखा, आळशी दिसेल असा.

तेराव्याला जेवणं झाल्यावर हात पुसत पाचसहाजण माझ्याभोवती आले. डोंगर पुरा जळालाय, अस्वल कुठंतरी जवळच दडलं असणार. त्यातल्या दोघांना त्याचा व्हिडिओ पाहिजे होता. एकाला पिंजरा लावायला सांगायचं होतं. "पावणं, गणूदा तुमास्नी सांगून गेला असंल की. कुठं हाय ते?"

मी म्हणालो, "न्हाय बा. ठावं न्हाय."

मग मी तिथंच थांबायला हवं होतं. तुम्ही घातलेली अट होती. पण समोर तुमचा फोटो, हार घातलेला, आणि त्या फोटोतसुद्धा फाटका कान झाकायला तुम्ही मान तिरकी केलेली. मी म्हणालो, "अस्वाल कुठं हाय ते ठावं न्हाय. पर तीन वर्सामागं ते ह्या परड्यात का आलं ते ठावं हाय. घरात मव्हाळ नव्हतं. गणूदानं खोटं सांगिटलं. काकवी हुती. मी नेलती वर, मीच सांडत आनली." आणि सगळं सांगितलं, झाकणासकट.

मग एक म्हातारे, तुमच्याबरोबर जाळरेषेवर काम केलेले, टोपी हातात घेऊन म्हणाले, "म्हंजे आमी त्येला उगंच हसलो म्हना." तेवढंच म्हणून ते फोटोपुढं जाऊन उभे राहिले.

आक्का दारात होती. मला वाटलं, आता ही फाडून खाणार. ती म्हणाली, "त्यांनी नगं म्हनलं हुतं न्हवं?" मी व्हय म्हणालो. "तुला काय वाटलं, मला ऱ्हाता यायचं न्हाय हितं? ह्ये घर माजं हाय." मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बरं केलास. तीन वर्सं मला त्येंची खोटी चूक गिळवत नव्हती."

तर दाजी, तुमची एक गोष्ट मी मोडली. दुसरी पाळली आहे. लिहितानाही तुमच्या गावाचं नाव घातलेलं नाही, डोंगराचं नाही, आडनावही नाही. ज्यांनी हा लेख मागितला ते म्हणाले, गाव लिहा, फोटो द्या. मी म्हणालो, या माणसावर लिहायचं तर असंच लिहावं लागतं. आक्कालाही मी अस्वलाची जागा सांगितलेली नाही, आणि तिनं विचारलेलंही नाही.

एवढंच तुम्हाला सांगतो, कारण पलंगावरनं रोज तुम्ही तेच विचारत होता. उन्हं कलल्यावर ते बाहेर आलं. डाव्या कुशीवरचे केस होरपळलेत. पाय चारी धड आहेत. जळलेल्या रानात येऊन त्यानं एक वारूळ फोडलं आणि तोंड खुपसून मुंग्या ओढायला लागलं, एवढ्या मोठ्यानं की मला दगडामागं ऐकू येत होतं.

हाय, दाजी. अस्वाल हाय.